अमेरिकेतून मेंबर व्हा म्हणून मेल आला, पैसे भरू का?

प्रश्न: मी दारव्हा तालुक्यातल्या एका कॉलेजात झूलॉजी शिकवते. आमच्याच वावरात कपाशीत कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावून गुलाबी बोंडअळीचे पतंग रोज मोजले, त्यावर माझा एक पेपर छापून आला. आता अचानक अमेरिकेतल्या सिग्मा झाय नावाच्या संस्थेचा मेल आलाय, तुमचं नाव मेंबरशिपसाठी सुचवलंय, फी भरा म्हणून. तिकडे मी कोणालाच ओळखत नाही. घरचे म्हणतात, "फसवत असन कोणी, कशाले पैसे भरतं?" खरं असेल का? आणि माझ्यासारखीला घेतात का?
(एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: ताई, शेवटचं आधी सांगतो. घेतात. संस्था खरी आहे, संशोधकांची आहे, १८८६ साली कॉर्नेल विद्यापीठात सुरू झाली, अमेरिकन सायंटिस्ट हे नियतकालिक तीच काढते. तिथं सदस्यानं नाव सुचवावं लागतं, आणि स्वतः संशोधन केलेलं असेल तर पूर्ण सदस्यत्व, नुकती सुरुवात असेल तर सहसदस्यत्व असा प्रकार आहे. तुम्ही वावरात उभं राहून सापळे मोजलेत ना, मग ते संशोधनच आहे, तालुक्याच्या कॉलेजात केलं म्हणून कमी होत नाही.

पण संस्था खरी म्हणजे मेल खरा असं नाही, घरचे म्हणतात त्यातही तथ्य आहे. पेपरवर तुमचा ईमेल छापलेला असतो, तिथून तो कोणीही उचलतो आणि मोठ्या संस्थेचं नाव लावून पैसे मागतो. म्हणून मेलमधली लिंक दाबू नका, संस्थेची वेबसाईट स्वतः शोधून उघडा, तिथल्या पत्त्यावर मेल टाका आणि सरळ विचारा की माझं नाव कोणी सुचवलं. खरं असेल तर उत्तर मिळेल. नुसतं "आजच भरा, ऑफर संपतेय" एवढंच येत राहिलं किंवा कोणा माणसाच्या खात्यात पैसे टाका म्हटलं तर तिथंच थांबा.

आणखी एक, मेंबरशिप आणि फेलोशिप एक समजू नका. दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी किंवा रामन यांनी १९३४ साली बंगळुरूत काढलेली इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, इथं फेलो म्हणजे मानाचे सदस्य निवडून घेतात, फी भरून होता येत नाही. सिग्मा झायचं सदस्यत्व बायोडाटात जरूर लिहा, पण पुरस्काराच्या रकान्यात नको, मेंबरशिपच्या रकान्यात.

आता पैशाचं. वर्गणी दरवर्षी भरावी लागते आणि ती डॉलरमध्ये असते. एकाच ठिकाणी भरणं जमत असेल तर मी म्हणेन आधी आपल्या एंटोमॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाचं, म्हणजे कीटकशास्त्रवाल्यांच्या संस्थेचं बघा, १९३८ सालची आहे, इंडियन जर्नल ऑफ एंटोमॉलॉजी तिचंच, तुमच्या कामाचे वाचक तिथं जास्त. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा हा आकडा तुम्हाला पाठ असेलच, मग तुमच्या वावरात तो कधी गाठला गेला याची नोंद नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेत आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रवाल्यांना दाखवा, त्यांना अशा गावपातळीच्या नोंदी हव्याच असतात आणि त्यासाठी मेंबर असावं लागत नाही.

आणि सिग्मा झायकडून नाव सुचवणाऱ्याचा पत्ता लागला, तर पैसे भरा न भरा, त्या माणसाला दोन ओळींचा मेल नक्की टाका. तुमचा पेपर त्यानं वाचलाय.