आईबाबांना इंग्लंडमधलं शांत खेडं दाखवायचंय, लंडनहून कॉट्सवोल्ड्सची बस टूर घ्यावी का?

नका घेऊ. तिथल्या बिबरी गावात आर्लिंग्टन रो म्हणून चौदाव्या शतकातली दगडी घरांची रांग आहे, सुंदरच आहे, पण समोर सेल्फीवाल्यांची जत्रा, आणि त्या घरांत माणसं राहतात हो! आमचे साडूभाऊ अशाच टूरने जाऊन आले आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात मला ऐकवतात, तुम्ही सासऱ्यांना कुठल्या आडगावात नेलंत, तिथे बघायला होतं काय म्हणून.

तर ऐका काय होतं. उत्तर इंग्लंडातल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या भागातलं वॉटेन्डलथ. बॉरोडेल खोऱ्यात रॉस्थवेटला बसमधून उतरायचं आणि डोंगर चढून पलीकडे जायचं. चार घरं, एक तळं, माल वाहणाऱ्या घोड्यांसाठी बांधलेला कमानीचा दगडी पूल, संपलं गाव. सासरे कुडाळकडचे, आंबा-काजूवाले. वाटेत दगडी कुंपण दिसलं, ना चुना ना सिमेंट, आणि म्हातारा थांबलाच, "हो तर गडगोच मा!" म्हणजे आपल्या कोकणातला गडगाच की. मग हात लावून तपासणी सुरू, दोन्ही बाजूंनी मोठे दगड, मधे बारीक चिपांची भरण, आणि दोन्ही बाजू धरून ठेवायला मधेमधे आरपार जाणारा लांब दगड. तेवढ्यात एक शेतकरी क्वाड बाइकवर कुत्रा घेऊन आला. दुभाषा मी. सासरे म्हणाले, वर डोंगरावर तर कुंपण नाही, मेंढ्या पळत नाहीत? तो म्हणाला हर्डविक मेंढी आपला डोंगर सोडत नाही, कोकरू आईच्या मागे फिरून शिकतं. कोकरं काळी जन्मतात आणि मग करडी होतात हेही त्यानेच सांगितलं. दोघं असे रंगले की बस चुकायची वेळ आली. टूरच्या बसमधून उतरून वीस मिनिटांत हे होतं का?

आता, लंडनहून हे एका दिवसात जमत नाही. युस्टन स्टेशनहून ट्रेनने पेनरिथच तीनेक तास, पुढे बसने केझिक, तिथे मुक्काम कराच. गुडघे दुखत असतील तर चढण नको, गाडीने ॲशनेस पुलावरून वर जाता येतं पण रस्ता एका गाडीपुरताच. पाऊस गृहीत धरा, त्याच खोऱ्यातल्या सीथवेटला वर्षाला साधारण ३,५०० मिमी पडतो, कोकणातल्या माणसाला त्याचं काय म्हणा. आणि एकच दिवस हातात असेल तर कॉट्सवोल्ड्सच, पण टूरशिवाय: लंडनच्या पॅडिंग्टनहून ट्रेनने मोरटन-इन-मार्श, बसने बोर्टन, आणि तिथे न रेंगाळता शेतातल्या पायवाटेने लोअर स्लॉटर, अप्पर स्लॉटर. फाटकं मागे लावून घ्या.

साडूभाऊ, वाचत असाल तर सांगा, बिबरीत तुमच्याशी कोण बोललं?