पीई फक्त 8 असलेला शेअर खरंच स्वस्त असतो का?

चाकणच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचा भाव 600, यंदाची प्रतिशेअर कमाई 75, म्हणून पीई (भाव भागिले प्रतिशेअर कमाई) 8. घेऊ का, असं विचारलंत. जरा थांबा. हा धंदा तेजी-मंदीचा. तेजीत नफा फुगतो आणि पीई लहान दिसतो.

कॅम्पबेल आणि शिलर या अर्थतज्ज्ञांनी 1988 मध्ये मांडलेली रीत लावा: मागच्या 10 वर्षांची कमाई आजच्या रुपयांत आणा. समजा एखाद्या जुन्या वर्षी कमाई 20 रुपये होती आणि तेव्हापासून महागाई निर्देशांक 100 वरून 160 झाला, तर 32 धरा. अशा दहा आकड्यांची सरासरी 40 आली, तर पीई 15! बोनस-स्प्लिटने शेअरची संख्या वाढते, त्याचा हिशेब मात्र आधी करा, नाहीतर सगळंच चुकतं. रीत मुळात अख्ख्या बाजारासाठी आहे. धंदाच बदललेल्या कंपनीला मी ती लावत नाही.