अद्भुत कथा लिहू पाहणाऱ्या एका तरुण लेखिकेस

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. तुझे पत्र आणि कादंबरीची बारा प्रकरणे मिळाली. ख्रिस्ती घरातल्या मुलीने वेताळ, मंत्रतंत्र आणि प्रेतांचे उठणे यांवर का लिहावे, असे तुमच्या मंडळीतील वडीलधाऱ्यांनी विचारले, आणि त्यांचा तो प्रश्न अडाणीपणाचा आहे असे तू सुचवले आहेस. तेवढे मला मान्य नाही. आपल्याकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत अंगात येणे, करणी, उतारा, देवऋषी या कल्पित गोष्टी नव्हत्या. आजारी मूल घेऊन माणसे त्या दारी जात होती, आणि ते दार सोडणे हाच अनेकांच्या विश्वासाचा पहिला आणि सर्वांत महाग धडा होता. तोच विषय त्यांच्या नातीने करमणुकीसाठी हाती घेतलेला पाहून ते दचकले, तर त्यांची भीती समजून घेऊनच उत्तर द्यायला हवे.

जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणारे, जादूटोणा करणारे आणि मृतांना विचारणारे निषिद्ध ठरवले आहेत, हे तुला ठाऊक आहेच. परंतु हा निषेध कशाचा आहे ते नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात अधिक उघड होते. शोमरोनातला शिमोन जादूगार प्रेषितांपुढे पैसे ठेवतो, कारण पवित्र आत्म्याचे दान त्याला विकत घेण्याजोगी शक्ती वाटते. पुढे एकोणिसाव्या अध्यायात स्किवाचे सात मुलगे येशूचे नाव मंत्रासारखे उच्चारून भूत काढायला जातात, आणि तो भूतग्रस्त माणूस त्यांना असा बदडतो की ते उघडेवाघडे, जखमी होऊन घरातून पळ काढतात. (ही कथा प्रवचनात फार कमी वेळा येते, आणि त्याचे कारण मला कधीच कळलेले नाही.) नाव खरे होते, पण ते हत्यारासारखे वापरले गेले. मागण्याऐवजी हिसकावण्याची, नमण्याऐवजी ताबा मिळवण्याची वासना हा शास्त्राच्या दृष्टीने जादूचा गाभा आहे. म्हणून एखाद्या कथेत जादू आहे की नाही यापेक्षा ती कथा सत्तेविषयी काय खरे मानते, हे मी आधी पाहतो.

इंग्रज कादंबरीकार टॉल्किन यांचे उदाहरण मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण आपली तरुण मुले त्यांच्या पुस्तकातील एल्फ (माणसासारखे अद्भुत जीव) आणि लढाया उचलतात, पण त्याचा कणा तिथेच राहतो. ते निष्ठावान कॅथलिक होते. आपले ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुळातच धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे त्यांनी 1953 साली एका जेझुइट (कॅथलिक संघातील) मित्राला लिहिले, आणि त्याच पत्रात त्या जगातून धर्माचे जवळजवळ सर्व उल्लेख आपण काढून टाकले असल्याचेही सांगितले. त्या पुस्तकात मंदिर नाही, उपासना जवळपास नाही, येशूचे नाव तर नाहीच. मग धर्म कुठे आहे? तो कथेच्या केंद्रस्थानी असलेल्या, अफाट सत्ता देणाऱ्या अंगठीच्या स्वभावात आहे. गॅन्डाल्फ हा शहाणा जादूगार ती हाती घ्यायला नकार देतो, कारण दुबळ्यांविषयीची दया आणि चांगले करण्याची इच्छा याच वाटेने ती आपल्याला गिळेल, हे तो जाणतो. दुष्ट माणसाला सत्ता भ्रष्ट करते हे कोणीही लिहील. भल्या माणसाच्या भलेपणातूनच ती आत शिरते हे लिहायला पापाची वेगळी समज लागते.

आणि शेवट आठव. अंगठी आगीत टाकून नष्ट करण्याची जबाबदारी ज्याच्यावर, तो नायक फ्रोडो अग्निकुंडाच्या काठावर उभा राहून अंगठी माझी आहे असे म्हणतो. नायक हरतो. अंगठी नष्ट होते ती तिच्या मोहाने झपाटलेला गोलम तिच्यासकट आगीत पडतो म्हणून, आणि गोलम तिथवर जिवंत पोहोचतो तो फ्रोडोचा नातलग बिल्बोने कित्येक वर्षांपूर्वी आणि नंतर फ्रोडोने त्याला मारण्याचे टाळले म्हणून. ती दया दाखवताना तिचा असा उपयोग होईल याची दोघांनाही कल्पना नव्हती. माणसाचे बळ जिथे संपते तिथून पुढचे काम कृपा करते, ही शिकवण तिथे एका शब्दानेही न सांगता घटनांच्या जुळणीतून उभी राहते. टॉल्किन यांनी अंगठीच्या नाशाची तारीखही 25 मार्च ठेवली आहे. त्या दिवशी चर्चमध्ये मरियेला मिळालेल्या संदेशाचा सण असतो. वाचकाला ते कळले नाही तरी कथेचे काही बिघडत नाही. कळले, तर आनंद वाढतो. श्रद्धा कथेत इतक्या खोल जायला हवी.

त्यांचे मित्र, ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांनी 1943 साली एक गोष्ट मांडली, ती विज्ञानकथा लिहिणाऱ्याने विसरू नये. जुन्या शहाणपणापुढचा प्रश्न आत्म्याला वास्तवाशी कसे जुळवून घ्यावे हा होता. जादू आणि उपयोजित विज्ञान यांचा प्रश्न मात्र वास्तवाला आपल्या इच्छेपुढे कसे वाकवावे हा असल्याने ती दोन्ही भावंडे आहेत, असे त्यांचे म्हणणे. विज्ञानावर त्यांचा राग होता असा याचा अर्थ घेऊ नकोस. पण मंडळीत मांत्रिकाच्या कथेवर आक्षेप येतो आणि प्रयोगशाळेत मृत्यूवर मात करणाऱ्या वैज्ञानिकाची कथा बिनधास्त वाचली जाते, तेव्हा वेषच तेवढा पाहिला जातो.

याच संदर्भात अमेरिकन लेखक वॉल्टर मिलर यांची ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ मिळवून वाच. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बफेकी विमानात होते, आणि फेब्रुवारी 1944 मध्ये संत बेनेडिक्ट यांचा इटलीतील मोंते कासिनो मठ उद्ध्वस्त करणाऱ्या हल्ल्यात त्यांचा सहभाग होता. 1947 साली ते कॅथलिक झाले. त्यांच्या कादंबरीत अणुयुद्धानंतरच्या वाळवंटात एक मठ उरलेले वैज्ञानिक कागद शतकानुशतके जपतो. एक साधाभोळा ब्रदर (मठवासी) विजेच्या मंडलाच्या आराखड्याची प्रत सोन्याच्या वर्खाने सजवण्यात आयुष्याची वर्षे घालवतो, आणि त्याचा अर्थ त्याला मुळीच कळत नाही. मग ज्ञान परतते, सत्ता परतते, आणि तीच आग पुन्हा लागते. तिला 1961 साली ह्यूगो पुरस्कार मिळाला, तोही प्रामुख्याने श्रद्धेशी काही देणेघेणे नसलेल्या वाचकांकडून. लेखकाने उत्तर स्वस्तात दिले नाही, म्हणून ते तिच्यापाशी थांबले असावेत.

आता भयकथा, म्हणजे तुझे खरे क्षेत्र. मार्काच्या पाचव्या अध्यायातला प्रसंग लेखिकेच्या नजरेने वाच. थडग्यांत राहणारा, साखळ्या तोडणारा, दगडांनी स्वतःला ठेचून घेणारा माणूस. आपले नाव ‘सैन्य’ असे सांगणारा आवाज. कड्यावरून समुद्रात धावणारा सुमारे दोन हजार डुकरांचा कळप. इतके होऊनही गावकरी घाबरल्याचे मार्क नेमके कधी सांगतो? तो माणूस वस्त्र नेसून, शुद्धीवर येऊन शांत बसलेला दिसतो तेव्हा. मग ते येशूला आपल्या सीमेबाहेर जाण्याची विनवणी करतात. दुष्टाचे भय एका जातीचे, आणि ज्याच्यापुढे दुष्टही कापतो त्याचे भय दुसऱ्या. बहुतेक भयकथा पहिल्यावरच थांबतात. तुला दुसऱ्यापर्यंत जाता येईल, आणि त्यासाठी पहिले अजिबात सौम्य करण्याची गरज नाही. पवित्र शास्त्रानेही ते केलेले नाही. शास्ते ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय उशिरा रात्री वाचू नकोस एवढेच सांगतो.

सर्वांत जपावे ते ख्रिस्ती चिन्हांच्या सोयीस्कर वापरापासून. ‘ड्रॅक्युला’ या 1897 च्या कादंबरीत रक्तपिपासू पिशाचांचा पाठलाग करणारा व्हॅन हेल्सिंग प्रभुभोजनातील पवित्र भाकरीचा चुरा मळून त्याने थडग्याच्या फटी लिंपतो. प्रसंग रंगतो, यात वाद नाही. पण त्या क्षणी ख्रिस्ताचे शरीर निव्वळ परिणामकारक पदार्थ होऊन बसते. क्रूस दाखवताच सैतान पळाला, ही कथा धार्मिक वाटते म्हणून मंडळीला आवडेलही. माझ्या मते ती मांत्रिकाच्या कथेपेक्षा अधिक घातक आहे, कारण ती स्किवाच्या मुलांची बाजू घेते.

तुझ्या वेताळाबद्दलही थोडे बोलायला हवे. लुईस यांनी आपल्या बालकथेत ग्रीकांचा मद्यदेव बॅकस नाचवला, तेव्हा त्याची पूजा बंद होऊन हजारांहून अधिक वर्षे झाली होती, आणि टॉल्किन यांच्या एल्फपुढे इंग्लंडमध्ये कोणी नारळ फोडत नव्हते. तुझी गोष्ट वेगळी आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला वेतोबाला (वेताळाचेच तिथले नाव) भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो अशी त्यांची श्रद्धा आहे. गोव्यात आमोण्याला बेताळाचे देऊळ आहे. तुझ्या कादंबरीतील माणसे खाणारा वेताळ वाचून त्या गावचा वाचक काय समजेल? शेजाऱ्याचा देव उचलून त्याला आपला राक्षस करणे हे शौर्याचे लक्षण नाही आणि चांगली कलाही नाही. तुला पिशाच हवे असेल तर ते स्वतः घडव. त्याचे नियम, त्याची भूक, त्याचे मूळ तूच ठरव. दुष्टाला स्वतःचे काही निर्माण करता येत नाही, असलेल्या चांगल्याला ते विकृत करते, असे संत ऑगस्टीनपासून आपली परंपरा सांगत आली आहे. तेव्हा तुझे पिशाच पूर्वी कोणती चांगली गोष्ट होते, इथून सुरुवात कर.

राहिले बारावे प्रकरण. आजी चांदीचा क्रूस उंचावते, प्रभूची प्रार्थना म्हणते आणि वडाखालचा तो आकार धूर होऊन जातो. पहिल्या अकरा प्रकरणांत तू जे कमावलेस ते इथे एका पानात खर्च झाले आहे. त्याच आजीने सहाव्या प्रकरणात वाळीत टाकलेल्या त्या बाईला भाकरी दिली आहे, आणि तो धागा तू तसाच सोडून दिला आहेस. आजीची प्रार्थना त्या रात्री लगेच फळाला आली नाही असे धरून प्रकरण पुन्हा लिही. क्रूस तिच्या हातात राहू दे, पण तो चालवू नकोस, आणि त्या बाईला वडापाशी येऊ दे. पुढे काय घडते ते मला ठाऊक नाही, तुलाही लिहिल्याशिवाय कळणार नाही. नवे प्रकरण झाले की एक प्रत मला पाठव आणि दुसरी आक्षेप घेणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी सर्वांत कडक असतील त्यांना वाचायला दे. त्यांनी समासात जे लिहिले असेल तेही मला वाचायचे आहे.

तुझा हितचिंतक