सिम्युलेशनमधलं पॉलिमर जेल झालंय की नुसतं हळू वाहतंय, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: मणी आणि स्प्रिंगच्या साखळ्या घेऊन लॅम्प्सवर (रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) सिम्युलेशन केलंत, क्रॉसलिंक (साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे पक्के सांधे) टाकलेत, पण शिअर मॉड्युलस, म्हणजे बाजूने ढकलल्यावर पदार्थ किती ताठ राहतो याचा आकडा, दर रनला वेगळा येतो. मग हा पदार्थ ताठ म्हणायचा की वाहता?

आधी माझी फजिती सांगतो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी ५०० मण्यांच्या साखळ्या चालवत होतो. मॉडेल क्रेमर आणि ग्रेस्टचं, १९९० चं. तुम्हीही बहुधा तेच वापरताय. एक कोटी स्टेप झाल्या, वेळेबरोबर स्ट्रेस (आतला ताण) कसा ओसरतो त्याचा ग्राफ आधी घसरला आणि मग छान सपाट झाला. मी उड्या मारत सरांकडे गेलो, जेल झालं म्हणून. त्यांनी ग्राफकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "बाँड (मण्यांमधल्या जोडण्या) मोजलेस का?" मोजले. इनपुट फाइलमधल्या एका चुकीमुळे क्रॉसलिंकची कमांड चाललीच नव्हती. एकही क्रॉसलिंक नव्हता, आणि तरीही ग्राफ सपाट!

तो सपाट भाग गुंत्याचा होता. या मॉडेलमध्ये दोन शेजारी मण्यांमधलं अंतर सरासरी ०.९७ मणी-व्यास असतं आणि स्प्रिंग १.५ च्या पुढे ताणलीच जात नाही. त्यामुळे दुसऱ्या साखळीला मधून आरपार जायला फट मिळत नाही. वाडग्यातल्या शेवयांसारखी गत. सुटायचा एकच मार्ग, आपल्याच लांबीच्या दिशेने सरपटत बाहेर पडणं. भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी १९७१ मध्ये मांडलेलं रेप्टेशन ते हेच. हे सरपटणं फार महाग पडतं. व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) साखळीच्या लांबीच्या साधारण ३.४ व्या घाताने वाढते, सुटायला लागणारा वेळही जवळपास तसाच, म्हणजे साखळी दुप्पट केली की दसपट वेळ. माझा रन त्या वेळेच्या कितीतरी आधी संपला होता. तेवढ्या वेळात द्रवसुद्धा रबरासारखाच वागतो.

आता तुमचे आकडे का हलतात ते. एक तर गोंगाट. छोट्या बॉक्समध्ये स्ट्रेस इतका उसळतो की खरा सिग्नल त्यात बुडून जातो. स्ट्रेसचा फक्त एक्सवाय घटक घेत असाल तर एक्सझेड आणि वायझेडही घ्या, तिन्हींची सरासरी काढा. दुसरं कारण पटकन लक्षात येत नाही: क्रॉसलिंक पक्के झाले की त्या बॉक्सच्या आकारात थोडा ताण कायमचा अडकून बसतो, आणि तो प्रत्येक जाळ्यात वेगळा असतो. रन कितीही लांबवा, तो जात नाही. म्हणून एकच जाळं दहा वेळा चालवण्यापेक्षा वेगवेगळे सीड (यादृच्छिक सुरुवातीचे आकडे) देऊन दहा जाळी बनवा.

मग जाळं खरंच झालंय का ते पाहा. सर्वात मोठा तुकडा बॉक्सच्या एका बाजूने बाहेर पडून दुसरीकडून आत येत स्वतःलाच जोडला जातो का, तेही तिन्ही दिशांना? चार हातांच्या क्रॉसलिंकला पॉलिमरशास्त्रज्ञ फ्लोरीच्या हिशेबाने एक-तृतीयांश जोडण्या झाल्या की हे व्हायला लागतं. पण नुसतं जोडलं जाणं म्हणजे ताठपणा नव्हे. लोंबती टोकं आणि स्वतःच्याच क्रॉसलिंकला परत चिकटलेले फास मोजणीत येतात, भार मात्र उचलत नाहीत. द्रव आणि जेलच्या अगदी सीमेवर असाल तर सपाट भाग शोधूच नका. तिथे ग्राफ लॉग-लॉगवर तिरकी सरळ रेष देतो. साठवणीचा (ऊर्जा परत देणारा, ताठ भाग) आणि ऱ्हासाचा (ऊर्जा उष्णतेत घालवणारा, वाहता भाग), दोन्ही मॉड्युलस फ्रिक्वेन्सीबरोबर एकाच उताराने चढतात. विंटर आणि शँबों यांनी १९८६ मध्ये प्रयोगातून दाखवलेली ही खूण मला बाकी कुठल्याही निकषापेक्षा भरवशाची वाटते.

आकडा खरा वाटतो का, याचा अंदाज कागदावरही येतो. मॉड्युलस म्हणजे ढोबळमानाने दर घनमीटरमधले भार उचलणारे धागे (दोन क्रॉसलिंकमधले साखळीचे तुकडे) गुणिले केटी, म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान. खोलीच्या तापमानाला केटी सुमारे ४.१ × १०⁻²¹ ज्यूल. मऊ जेलचा मॉड्युलस १० किलोपास्कल धरला तर साडेसात नॅनोमीटर बाजूच्या घनात एक धागा येतो. तुमच्या जाळ्याची वीण याच्या आसपासही नसेल, तर आधी युनिट तपासा. (माझं एकदा तेच चुकलं होतं, पण ती फजिती नंतर कधीतरी.)

आज करायचं काम एकच: क्रॉसलिंक काढून टाका, बाकी सगळं तसंच ठेवून तेवढ्याच लांबीचा रन करा आणि दोन्ही ग्राफ एकमेकांवर ठेवा. सुरुवातीला रेषा एकमेकींवर बसतील. क्रॉसलिंक नसलेली रेष जिथे खाली घसरू लागते आणि दुसरी तशीच राहते, तिथून पुढचा आकडा तुमच्या जाळ्याचा; त्यातही जाळ्यात अडकलेल्या गुंत्यांचा वाटा असतोच. रेषा वेगळ्या झाल्याच नाहीत तर मॉड्युलस लिहू नका, रन वाढवा किंवा साखळ्या आखूड करा.