मंगळवारी फक्कड, शनिवारी फिक्कं

खाणं-पिणं : वाचकांचे प्रश्न

नाशिकच्या गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरच्या महागड्या हॉटेलांबद्दल एकमेकांना छेद देणारी पत्रं आली आहेत. एकाला तिथलं जेवण स्वर्गीय वाटलं, तर दुसरा पुन्हा पायरी चढणार नाही म्हणतो. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : एका नावाजलेल्या हॉटेलात आम्ही मंगळवारी जेवलो. पनीर टिक्का लुसलुशीत होता आणि दाल मखनी तर अप्रतिम. त्याच आठवड्यात शनिवारी नऊला दीर-जाऊबाईंना घेऊन गेलो. पाऊण तास स्टार्टर आलं नाही, मग स्टार्टर आणि भाजी एकदमच आली. नान मध्ये कच्चा, दाल कोमट. आमच्या शेजारणीने मात्र त्याच शनिवारी साडेसातला तिथेच जेवून तोंडभरून कौतुक केलं. एवढा फरक कसा पडतो? (इंदिरानगर)

उत्तर : साडेसात आणि नऊ, यातच निम्मं उत्तर आहे. शनिवारी बहुतेक टेबलं साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान भरतात आणि सगळ्यांच्या केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, एकदम किचनमध्ये जाऊन पडतात. त्याच रांगेत मोबाइलवरून आलेली पार्सलंही असतात. बाहेर चार टेबलं रिकामी दिसली म्हणजे आत निवांत आहे, असं नसतं.

खरी गोची तंदूरपाशी होते. तंदूर एक, फार तर दोन. तापलेल्या भिंतीवर नान मिनिट-दीड मिनिटात होतो, पण प्रत्येक नान त्या मातीतली उष्णता ओढून घेतो. एकामागून एक लावत गेलं की भिंत थंडावते. मग नानाला वरून आचेचे डाग पडतात, खालची बाजू पांढरी राहते आणि मध्ये पीठ चिकट लागतं. भट्टीला पुन्हा तापायला काही मिनिटं द्यावी लागतात आणि शनिवारी नऊला ती कोणी देत नाही. शिवाय त्याच भट्टीत टिक्क्याच्या सळया आठ-दहा मिनिटं अडकलेल्या असतात. म्हणजे तुमचं स्टार्टर आणि शेजारच्या टेबलाचे नान एकाच जागेसाठी भांडत असतात.

दाल मखनीचं गणित वेगळं. काळे उडीद रात्रभर मंद आचेवर शिजवून मोठ्या भांड्यात तयार ठेवलेले असतात. ऑर्डर आली की एक-दोन वाट्या छोट्या पॅनमध्ये घेऊन लोणी, क्रीम घालून चार-पाच मिनिटं उकळायचं. गर्दीत ते दोन मिनिटांवर येतं, त्यामुळे कडेला बुडबुडे आणि मध्ये कोमट. टेबलावर आल्यावर चमचा तळापासून फिरवून बघा, लगेच कळेल. दालीवर साय धरल्यासारखा पापुद्रा असेल तर ती झाली वेळेवर, पण वाढपी न मिळाल्याने काउंटरवर पडून राहिली. पहिला दोष स्वयंपाक्याचा, दुसरा वाढणाऱ्यांचा, म्हणून तक्रार करताना फरक सांगा.

नाशिकमध्ये आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी. बऱ्याच मोठ्या हॉटेलांना लॉन किंवा बँक्वेट हॉल जोडलेला असतो आणि किचन एकच असतं. लग्नाची दाट तिथी असली की हुशार हात तिकडे जातात. फोन करून टेबल ठेवताना सरळ विचारा, ‘आज बँक्वेटला फंक्शन आहे का?’ हो म्हणाले तर दुसरा दिवस बघा. द्राक्षांच्या हंगामात, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्च, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे वायनरी बघून रात्री शहरात जेवायला येतात, तेव्हाही हेच.

शनिवारीच जायचं असेल तर साडेसातचं टेबल घ्या. चार माणसांनी चार विभागांतलं मागवू नका. एक तंदुरी, एक चायनीज, एक पास्ता, एक सिझलर म्हटलं की सगळ्यात हळू विभागासाठी बाकीचे तिघे खोळंबतात किंवा ताटं सुटी सुटी येतात. ऑर्डर एकदम द्या, पण कॅप्टनला, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्याला, सांगा, ‘मेन कोर्स होल्डवर ठेवा, आम्ही सांगितल्यावर काढा.’ हे शब्द किचनमध्ये रोज वापरले जातात, त्यामुळे घोटाळा होत नाही. नान दोन-दोन करून मागवा. आठ एकदम मागवले की शेवटचे चार वातड होतात.

मंगळवार हमखास चांगला, असंही समजू नका. शनिवार-रविवारी कोणाला सुट्टी मिळत नाही, त्यामुळे मुख्य शेफची साप्ताहिक सुट्टी सोमवार ते गुरुवारमध्येच कधीतरी पडते. दिवाळी-छठ आणि होळीच्या सुमारास तर गावी गेलेल्या कारागिरांमुळे अर्धं किचन नव्या हातांवर चालतं. नेहमीच्या पदार्थाचं मीठ-मसाला बदललेला वाटला तर बहुधा हेच कारण.

प्रश्न : तंदुरी चिकन हाडाजवळ गुलाबी निघालं. कॅप्टन म्हणाला, ‘सर, असंच असतं.’ काजू करी गोड होती, तिथेही हेच उत्तर. नक्की कुठे अडून बसायचं? (पंचवटी)

उत्तर : चिकनमध्ये नुसता रंग बघून ठरवू नका. कोवळ्या ब्रॉयलर कोंबडीत हाडातली लाल मज्जा झिरपून शिजलेलं मांसही गुलाबी दिसतं. पोत बघा. शिजलेल्या मांसाचे धागे सुटतात आणि ते हाडापासून वेगळं होतं. कच्चं मांस काचेसारखं अर्धपारदर्शक, रबरी असतं आणि दाबल्यावर लालसर पाणी येतं. असं असेल तर तुकडा तोडलेला तसाच ठेवून प्लेट परत करा. मांसाच्या आतलं तापमान ७५ अंश सेल्सिअसला किमान १५ सेकंद टिकलं पाहिजे, असा अन्नसुरक्षेचा दंडक आहे. परत आलेलं चिकन बाहेरून करपलेलं असेल तर तेच पुन्हा भट्टीत घातलं आहे. नवीन मागा.

काजू करीवर अडून बसू नका. पांढरी ग्रेव्ही काजू, उकडलेला कांदा, मगज बी (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया), खवा किंवा क्रीम यांची असते आणि गोडसरच लागते. तिखट हवं तर ऑर्डर देतानाच ‘ब्राउन ग्रेव्हीत द्या’ म्हणा. आंबूस वास येत असेल तर मात्र दुपारची ग्रेव्ही बाहेर राहून बिघडली आहे. तिथे मसाला वाढवून काही होत नाही, पदार्थ रद्दच करायला लावा.

तक्रार दोन घासांत करा. अर्धी वाटी संपवून केलेल्या तक्रारीला मॅनेजर हसून मान डोलावतो, बिलातून काही जात नाही.

प्रश्न : बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज, त्यावर जीएसटी आणि २० रुपयांची पाण्याची बाटली ६० रुपयांना. हे कायदेशीर आहे का? (कॉलेज रोड)

उत्तर : तीन वेगळे मुद्दे आहेत. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलाने तो बिलात आपोआप लावायचा नाही आणि दुसऱ्या नावानेही वसूल करायचा नाही. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना उचलून धरल्या.

रक्कम किती फिरते ते बघा. जेवण २,४०० रुपयांचं. १० टक्के सर्व्हिस चार्ज २४०, म्हणजे २,६४०. त्यावर ५ टक्के जीएसटी १३२. एकूण २,७७२. सर्व्हिस चार्ज नसता तर २,४०० अधिक १२०, म्हणजे २,५२०. फरक २५२ रुपयांचा, कारण कर त्या चार्जवरही लागतो. म्हणून पैसे देण्याआधी ‘सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या’ म्हणा. पेनने खोडलेलं बिल घेऊ नका, त्यात जीएसटीचे १२ रुपये तसेच राहतात. नकार मिळाला तर बिलाचा फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा. वाढप्याने चांगलं जेवू घातलं असेल तर टीप त्याच्या हातात द्या, तो व्यवहार वेगळा.

जीएसटी साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के, एसी असो वा नसो. मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असेल तर तिथल्या रेस्टॉरंटात १८ टक्के लागू शकतो. दारू-वाइन जीएसटीत येत नाही, तिच्यावर व्हॅट वेगळा लागतो. हॉटेल कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यवसायांसाठीच्या सोप्या करयोजनेत, असेल तर त्याला गिऱ्हाईकाकडून जीएसटी घेताच येत नाही आणि तसं बिलावर छापावं लागतं. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांकही बिलावर हवा.

पाण्याच्या बाटलीत मात्र तुमची बाजू लंगडी आहे. बसून खायच्या जागी छापील किमतीपेक्षा जास्त घेता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७चा निकाल आहे. बसल्याबरोबर वाढपी बाटलीचं झाकण फिरवू लागतो, त्याआधीच ‘साधं पाणी द्या’ म्हणायचं.

प्रश्न : नाशिकला राहून वाइन चांगली मिळू नये? ग्लासने मागवलेली रेड वाइन आंबट-कडू आणि कोमट होती. मित्राने बाटली घेतली, ती उत्तम निघाली. (गोविंदनगर)

उत्तर : ग्लासने मिळणारी वाइन बहुधा आधीच उघडलेल्या बाटलीतली असते. दोन-तीन दिवस उघडी राहिली की हवेने तिचा फळाचा वास जातो आणि व्हिनेगरची झाक येते. ‘बाटली आज उघडली का?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. तिघे पिणारे असाल तर पाच ग्लासांची किंमत बाटलीशी ताडून बघा, बहुधा बाटलीच स्वस्त पडते.

रेड ‘रूम टेम्परेचर’ला द्यायची हा सल्ला थंड देशांतला. ती १६ ते १८ अंशांना चांगली लागते आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये खोलीतच ३० च्या वर असतं. बर्फ-पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवायला सांगा. लाजायचं कारण नाही. व्हाइट ८ ते १२ अंशांना. आणि तिखट रश्शाबरोबर रेड नकोच, तिचा तुरटपणा तिखटाला आणखी भडकवतो. किंचित गोडसर चेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन घ्या.

प्रश्न : सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. कॅप्टन ‘जैन करून देतो’ म्हणाला, पण भाजीत कांदा लागलाच. (सिडको)

उत्तर : तयार ग्रेव्ह्यांमध्ये कांदा-लसूण दुपारीच पडलेला असतो, तो नंतर काढता येत नाही. जैन ग्रेव्ही वेगळी करून ठेवली आहे का, की आता नव्याने करणार, हे विचारा. नव्याने करायची तर वीस मिनिटं जास्त धरा आणि ती ऑर्डर सगळ्यात आधी द्या. ‘कमी घालतो’ असं उत्तर आलं तर जिरा राइस आणि साधी दाल मागवा, तीही फोडणीत लसूण न घालता. काजू-शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर बोलण्यावर न थांबता केओटीवर लिहून घ्यायला लावा.

प्रश्न : वडिलांच्या पंचाहत्तरीला शनिवारी १६ जण जाणार आहोत. फजिती कशी टाळू? (म्हसरूळ)

उत्तर : आठवडाभर आधी दुपारी चार-पाचला प्रत्यक्ष जा, तेव्हा मॅनेजर मोकळा असतो. मेनू तिथेच ठरवा : तीन स्टार्टर, दोन भाज्या, एक दाल, एक भात, एक गोड. मोठ्या हॉटेलात एक भाजी साधारण तिघांना पुरते, म्हणून १६ जणांना दोन्ही भाज्या तीन-तीन प्लेट धरा, दाल चार. स्टार्टरमधलं एकच तंदुरी ठेवा, बाकी दोन तळलेले किंवा तव्यावरचे, म्हणजे भट्टीवर ताण येत नाही. दर, कर, केक बाहेरून आणायची परवानगी आणि सर्व्हिस चार्ज नाही, हे सगळं ॲडव्हान्सच्या पावतीवर लिहून घ्या. सगळे साडेसातला जमणार असतील तर स्टार्टरची वेळ पावणेआठ सांगा, कारण आपल्याकडे शेवटची गाडी पार्किंग शोधत असतेच. वडिलांना पथ्याचं काही लागत असेल तर ते त्यांच्यासाठी पहिल्या फेरीतच वाढायला सांगा.