'देखणी'ची जुनी प्रत चारशेला घ्यावी का?

तुम्ही विचारलंय, की सोलापुरात एका रद्दीवाल्याकडे भालचंद्र नेमाडे यांच्या 'देखणी' या कवितासंग्रहाची जुनी प्रत दिसली, तो चारशे रुपये मागतोय, आणि तुम्ही त्यांच्या फक्त कादंबऱ्या वाचल्यात. तर घ्यावी का?

आधी पुस्तकाच्या दुकानात नवी प्रत मिळते का ते विचारा. नसेल मिळत, तर नक्की घ्या. मात्र पैसे देण्याआधी पानं तपासा.

मला याचा चटका बसलाय. काही वर्षांपूर्वी नवी पेठेत एक जुना कवितासंग्रह घेतला. घरी दोनदा वाचला, आवडला. तिसऱ्यांदा वाचताना पानांच्या आकड्यांकडे लक्ष गेलं: ३२ नंतर एकदम ४९! सोळा पानांचा अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला गठ्ठा, गळालेला. कादंबरीत गोष्ट तुटते, लगेच कळतं. इथे एक कविता संपली, पान उलटलं, दुसरी सुरू झाली. मधे काही होतं याचा पत्ताच लागला नाही. म्हणून अनुक्रमणिका उघडा आणि एकेक कविता पानाशी ताडून बघा. दुकानदार घाई करेल, करू द्या.

पुठ्ठा फाटका असला तरी चालेल, पण शिलाई बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डिंक वाळून पाठ सुटते, पिना असतील तर गंजून कागद खातात. वाचनालयाचा शिक्का असेल आणि त्यावर 'रद्द' केल्याची खूण नसेल, तर ती प्रत घेऊ नका. ती कुणाच्या तरी कपाटातून गेलेली असते.

कादंबरीकाराची कविता कशाला, असं मनात येत असेल तर तारखा बघा. 'कोसला' ही कादंबरी १९६३ची, 'मेलडी' हा पहिला कवितासंग्रह १९७०चा, 'देखणी' १९९१ची. म्हणजे कविता हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग नव्हता, कादंबऱ्यांच्या बरोबरीने ती चालत आलीय. २०१४चं ज्ञानपीठ मिळाल्यावर जो तो 'कोसला' आणि 'हिंदू' या कादंबऱ्या मागू लागला, 'मेलडी' आणि 'देखणी'चं नाव क्वचितच कुणी काढलं. याचं मला फार वाईट वाटतं. 'मेलडी' दिसली तर मला विचारतही बसू नका, उचला.

पानं कमी निघाली तरी भाव पाडून घ्या. माझ्या प्रतीतली ती सोळा पानं मी वाचनालयात बसून हाताने उतरवून काढली आणि घरी दोऱ्याने आत शिवली.