रिपोर्टमधला आकडा आणि समोरचा रुग्ण

प्रश्न : पूर ओसरल्यावर आमच्या अण्णांनी गोठ्यातला गाळ उपसला. आठवड्याभरात हुडहुडी भरून ताप आला. पोटऱ्या हात लावू देईनात, डोळे आधी लाल आणि मग पिवळे झाले. कावीळ म्हणून दोन दिवस मुळी घेतली. आता मिरजेत दाखल आहेत. बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) ११, एसजीपीटी फक्त ९६, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा) ३.४. लिव्हरचा आकडा एवढासाच, मग अंग इतकं पिवळं का? – वाचक, पलूस तालुका

उत्तर : निदानाची किल्ली याच विसंगतीत आहे. एसजीपीटी यकृताच्या पेशींच्या आत असतं आणि पेशी मेल्या की रक्तात उतरतं. पाण्यातून येणाऱ्या ए किंवा ई काविळीत पेशी मोठ्या संख्येनं मरतात, त्यामुळे हा आकडा बऱ्याचदा हजाराच्या पुढं जातो. लेप्टोस्पायरोसिस (थोडक्यात लेप्टो) या उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या आजारात पेशी फारशा मरत नाहीत. त्या एकमेकींपासून सुटतात आणि पित्त आतड्याकडे जायचं सोडून रक्तात झिरपतं. म्हणून बिलिरुबिन चढतं आणि एसजीपीटी बहुधा २०० च्या आत राहतं. त्यात क्रिएटिनिन वाढलेलं, प्लेटलेट उतरलेल्या, पोटऱ्या दुखत असताना सीपीके (स्नायूंना इजा झाल्यावर वाढणारं एन्झाइम) चढलेलं, आणि गाळात काम केल्याची हकिगत. हे सगळं जुळलं की डॉक्टर रक्तचाचणीची वाट न पाहता पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे.

कारण रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम चाचणी तापाच्या पाचव्या-सातव्या दिवसाआधी निगेटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावरून लेप्टो नाही म्हणता येत नाही. चाचणी काही दिवसांनी पुन्हा करावी लागते. पहिल्या आठवड्यात जंतूचा डीएनए शोधणारी रक्ताची पीसीआर चाचणी जास्त उपयोगी पडते.

घरच्यांनी तीन गोष्टींवर डोळा ठेवावा. चोवीस तासांची लघवी मापात धरा. ती ४०० मिलीच्या खाली गेली तर लगेच सांगा. या आजारात सुरुवातीला लघवी भरपूर होऊनही मूत्रपिंड बिघडलेलं असू शकतं आणि पोटॅशियम उलट कमी होतं, म्हणून लघवी होतेय एवढ्यावर निर्धास्त राहू नका. खोकल्यातून रक्त किंवा धाप लागणं हे सर्वांत धोक्याचं, कारण फुप्फुसात रक्तस्राव झाला तर काही तासांत जीव जाऊ शकतो. तिसरं म्हणजे गुंगी किंवा असंबद्ध बोलणं.

मुळीबद्दल स्पष्ट लिहितो. ए प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते आणि श्रेय मुळीला मिळतं. लेप्टोत मात्र तिच्यात गेलेले दोन दिवस मूत्रपिंडांना परवडत नाहीत.

सांगलीनं २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत, त्यामुळे एवढं लक्षात ठेवा : उंदराच्या लघवीतले जंतू भेगाळलेल्या टाचांतून, जखमेतून, डोळ्यांतून शिरतात. गाळ काढताना गमबूट आणि रबरी हातमोजे घाला. काम टाळता येणार नसेल तर आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम देतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच. गरोदर बाई आणि लहान मुलांना ते चालत नाही.

प्रश्न : वहिनींच्या मानेतली गाठ तासगावला काढली. तुकडा सलाइनच्या बाटलीत घालून दिला होता. दुसऱ्या दिवशी लॅबनं ‘पेशी कुजल्या, मत देता येत नाही’ असं लिहिलं. आता पुन्हा गाठ काढायची का? – वाचक, तासगाव

उत्तर : शरीराबाहेर आलेला तुकडा आपल्याच एन्झाइमांनी विरघळायला लागतो. सलाइन ते थांबवत नाही, फॉर्मॅलिन थांबवतं. दहा टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या निदान दहापट, रुंद तोंडाच्या डबीत हवं. अरुंद तोंडाच्या बाटलीतून कडक झालेला तुकडा काढताना चुरडतो. फॉर्मॅलिन आत शिरायला वेळ घेतं, तासाला साधारण एक मिलिमीटर, म्हणून मोठी गाठ कापून उघडलेली नसेल तर वरून पक्की आणि आतून कुजलेली निघते.

पण सलाइनही चुकीचंच असं समजू नका. मानेच्या गाठीत क्षयरोगाची शंका नेहमी असते. सूक्ष्मदर्शकाखाली चिजासारखा मेलेला भाग आणि भोवती लँगहॅन्स महापेशी दिसल्या की निदान बळकट होतं, पण जंतूवर कोणतं औषध चालेल हे त्यातून कळत नाही. त्यासाठी जीनएक्सपर्ट (जंतूच्या जनुकांची चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) लागतं, आणि फॉर्मॅलिननं जंतू मरत असल्यानं कल्चरला तुकडा सलाइनमध्येच द्यावा लागतो. थोडक्यात, दोन डब्या हव्या होत्या. प्रत्येकीवर नाव, वय, जागा, तारीख आणि वेळ. ऑपरेशनच्या आधीच सर्जनना विचारा, ‘कल्चरला वेगळा तुकडा पाठवणार ना?’

पुन्हा ऑपरेशन ठरवण्याआधी शेजारी दुसरी गाठ लागते का ते सोनोग्राफीत पाहून घ्या. लागली तर एफएनएसी, म्हणजे बारीक सुईनं पेशी काढून केलेली तपासणी, पुरेल, आणि सुईतलंच थोडं द्रव्य जीनएक्सपर्टला देता येतं.

प्रश्न : मुलाला डेंग्यू आहे. सकाळी प्लेटलेट ३८,००० आणि संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये १,१०,०००. खरं कुठलं? – वाचक, मिरज

उत्तर : दोन्ही नळ्यांत रक्त वेगळं वागलं असावं. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या गोळ्याला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटीपालटी केली नाही तरी गोळे होतात. लॅबला काचपट्टी पाहायला सांगा. गोळे दिसले तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घेतात आणि येणारा आकडा १.१ नं गुणतात.

मात्र डेंग्यूत नुसत्या प्लेटलेटच्या मागे लागू नका. ताप उतरतो तोच काळ जोखमीचा असतो. प्लेटलेट घसरत असताना हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढत असेल तर रक्तातलं पाणी नसांबाहेर गळतंय. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मलूलपणा यांपैकी काहीही दिसलं तर तासभरही थांबू नका. तापाला पॅरासिटामॉलच. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको.